रेडिएटरमधलं साधं पाणी

हाइल
शुक्रवार, ८ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामा,

पाकिटावर माझं नाव दिसलं तर तुम्ही ते फोडणार नाही, म्हणून ते वासंतीमामींच्या नावाने पाठवलं आहे. त्या फोडतील आणि तुमच्या चहाच्या कपाशेजारी ठेवतील, असं आमचं ठरलं आहे. यात त्यांचा दोष नाही. मीच गळ घातली.

अडीच वर्षांत मी तुम्हांला त्रेसष्ट वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. तुमचं बरोबर आहे. ज्या भाच्याला बारा वर्षं घरात ठेवलं, हातात पाना धरायला शिकवलं, तो एक दिवस पासपोर्ट दाखवून 'परवा मुंबईहून विमान आहे' म्हणाला, तर त्याच्याशी कोण बोलेल? कागद मात्र वाजत नाही. पडून राहील. कधी हात रिकामा असेल तेव्हा बघा.

आधी कामाचं लिहितो. मामींनी सांगितलं की गणपतीनंतर तुम्ही गॅरेजच्या खड्ड्यात उतरताना घसरलात आणि तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तरी गेल्या आठवड्यात टेंपोचा गिअरबॉक्स एकट्याने उतरवलात. मामा, ते दोन माणसांचं काम आहे. तल्हाचाचांना परत बोलवा. बावीस वर्षं तुमच्या शेजारी उभा राहिलेला माणूस साखरप्याच्या फाट्यावर बसून पंक्चर काढतो, हे बरं दिसत नाही. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आतलं सांगणारे कान ते. तुम्ही म्हणाल, तू कोण सांगणारा? कोणी नाही. तरी सांगतो.

मी आता यान्बूला नाही. जुलैपासून हाइलला आहे. मालक तोच, फहाद. त्याचं दुसरं गॅरेज इथल्या सनाइयात आहे. सनाइया म्हणजे आपल्याकडची एमआयडीसी समजा, पण एका रांगेत नुसती गॅरेजं. यान्बू समुद्रकाठी, तिथे जानेवारीतसुद्धा आम्ही बनियनवर काम करायचो. हाइल उंचावर आहे. चारी बाजूंनी खडकाळ डोंगर आणि मधे उघडा माळ. थंडी हाडात शिरते म्हणतात. मी अजून पाहिलेली नाही. आज सकाळी पाना उचलला तेव्हा तो बोटांना चिकटल्यासारखा वाटला, तेवढंच.

सध्या गाड्यांची रांग लागली आहे. थंडीच्या आधी प्रत्येकाला गाडी दाखवून घ्यायची असते. बॅटरीवर भार टाकून बघायचा, कारण थंडीत पहिली तीच मान टाकते. टायरमधली हवा बसते, म्हणून थोडी वाढवून द्यायची. हीटर चालतो का, वायपरची रबरं कडक झाली आहेत का, हे बघायचं. तुम्ही मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जे करायचात तेच, कारण तेवढं वेगळं.

तो आठवडा मला इथे सारखा आठवतो. लांज्याच्या नाक्यापासून गॅरेजपर्यंत ट्रॅक्स आणि रिक्षा उभ्या. तल्हाचाचा खड्ड्यात, तुम्ही बॉनेटवर वाकलेले, मधल्या फळीवर ट्रान्झिस्टर, आणि त्याच्यावर तुम्हा दोघांचं भांडण. तुम्हांला नाट्यगीतं हवी असायची, चाचांना बातम्या. मी वहीत गाडीचा नंबर, काम, तारीख लिहायचो. मामींनी शुद्धलेखन इतकं घोटून घेतलं होतं की 'वंगण'वरचा अनुस्वारही मी दोनदा तपासायचो. चाचा खालून ओरडायचे, "काय रे मास्तर, झालं काय तुझं पुस्तक? नटाला पण वेलांटी काढतोस काय? आवळ नि सोड!" दहावीला दोनदा बसून घरी राहिलेल्या मुलाला मास्तर म्हणणारा तो जगातला एकच माणूस.

आणि रेडिएटर. कोणी कूलंटचा डबा आणला की तुम्ही तो उजेडात धरून म्हणायचात, "हे रंगीत पाणी कशाला? देवाने विहीर दिली आहे." मग विहिरीचं पाणी पंच्यातून गाळून ओतायचं, नळी लावून गंज वाहू द्यायचा, पुन्हा ताजं भरायचं. मी इथेही तसंच करतो. आरशासारखं स्वच्छ पाणी बाहेर आल्याशिवाय मी रेडिएटर सोडत नाही. फहाद म्हणतो, या हिंदीचा, म्हणजे हिंदुस्थानी माणसाचा, हात साफ आहे.

एक सवय मात्र तुमची नाही, माझी आहे. नट आवळला की मी त्याच्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो, म्हणजे हलला तर कळावं. मग तीनदा हात लावून बघतो. इथले सगळे हसतात. हसू देत.

खांद्याला एरंडाचं पान शेकून बांधा. माझं लिहिणं इथे थांबवतो, राग तुमच्यापाशी तसाच राहू द्या, फक्त चाचांचा विचार करा.

श्रीपाद


हाइल
शुक्रवार, २९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मामा,

मामींनी कळवलं की पत्र तुम्ही वाचलंत, उलटं करून पुन्हा वाचलंत, आणि म्हणालात, "अक्षर अजून बरं आहे." मी ते वाक्य दिवसभर मनात घोळवलं. पुढे असंही म्हणालात म्हणे, की तल्हाचं नाव या घरात काढू नका. मी तरी काढतो आहे.

इथे एक गोष्ट झाली. ती फक्त तुम्हांलाच कळेल, म्हणून लिहितो.

माझ्या शेजारच्या जागेवर इद्रिसभाई काम करतात. सुदानचे आहेत, साठीला आलेले, या शहरात सव्वीस वर्षं. आपल्या लोकांबरोबर राहून हिंदी शिकले आहेत. श्रीपाद त्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून मला 'सिरी' म्हणतात. मागच्याच्या मागच्या मंगळवारी मी एका पिकअपच्या रेडिएटरमध्ये पाणी भरत होतो. ते हातात चहा घेऊन आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सिरी, ये क्या? मोया?" मोया म्हणजे पाणी.

"हां. फिल्टर का है. एकदम साफ," मी म्हणालो.

"सादा मोया? बस?"

"बस."

त्यांनी चहा खाली ठेवला. खिशातून काचेची नळी काढली, आत चार रंगीत गोळ्या. माझ्या स्वच्छ पाण्यात बुडवून वर धरली. एकही गोळी तरंगली नाही. सगळ्या तळाशी बसल्या. मग स्वतःच्या गाडीतलं हिरवं कूलंट ओढून दाखवलं, चारही गोळ्या वर आल्या. "ये नीचे, मतलब इधर ठंड में मोया पत्थर. पत्थर बड़ा होता है, मालूम? लोहा तोड़ता है. इंजिन खलास." मग माझ्या तोंडाकडे बघून हसायला लागले. "तेरे गाँव में बर्फ नहीं गिरता?"

"हमारे गाँव में बर्फ मछलीवाले के पास मिलता है," मी म्हणालो. ते पोट धरून हसले. मी हसू शकलो नाही.

मामा, पाणी गोठलं की फुगतं, हे मी सातवीच्या विज्ञानात वाचलं होतं. एक मार्काचा प्रश्न होता. मी तो बरोबर लिहिलाही होता. पण ते पाणी आणि रेडिएटरमधलं पाणी एकच, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. आपल्या लांज्यात, आणि नंतर यान्बूत, इंजिन तापतं एवढंच आपल्याला माहीत. ते गोठतं, हे कोणाच्या बापाने पाहिलं होतं?

कामांची नोंद मी माझ्यापुरती मराठीत ठेवतो, तुमच्यासारखीच, तारखेवार. ती काढून बसलो. इथे आल्यापासून अकरा गाड्यांत मी साधं पाणी भरलं होतं. अकराही जणांना त्याच दिवशी फोन केले. दहा जण आठवड्यात येऊन गेले. निम्मं पाणी, निम्मं कूलंट भरलं, नळीतल्या गोळ्या वर आलेल्या बघितल्या, मगच गाड्या सोडल्या.

अकरावी गाडी सुरुची मॅडमची. त्या इथल्या सरकारी इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर आहेत, मूळच्या साताऱ्याच्या. यजमान रियाधला बँकेत. इस्पितळ शहराबाहेर पस्तीस किलोमीटरवर, रोज पहाटे स्वतः गाडी चालवत जातात. मी बोललो की त्यांना माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटतं म्हणे. फोनवर म्हणाल्या, "अरे श्रीपाद, ऑक्टोबरात तर तूच सगळं केलंस की!" मी त्यांना पुन्हा आणायला सांगितलं आहे. येतील.

तुमच्या विहिरीला मी दोष देत नाही. ते पाणी त्या मातीपुरतं खरं आहे.

चाचांचं बघा. पुन्हा पुन्हा तेच लिहितो म्हणून चिडू नका. खांदा कसा आहे ते मामींना सांगा, त्या मला सांगतील.

श्रीपाद


हाइल
शुक्रवार, ३ जानेवारी

तीर्थस्वरूप मामा,

हे पत्र मी दोनदा कच्चं लिहिलं आणि फाडलं. तिसऱ्यांदा लिहितो आहे ते फाडणार नाही, असं ठरवून बसलो आहे.

मागच्या पत्रात मी सुरुची मॅडमना 'पुन्हा आणायला सांगितलं' असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं. पण कसं सांगितलं, ते लिहिलं नव्हतं. मी म्हणालो, "काही नाही मॅडम, सीझनचं चेकिंग आहे. सवडीने आणा." त्यांनी विचारलं, "अर्जंट आहे का?" मी म्हणालो, "तसं नाही." बाकी दहा जणांना मी 'आत्ता या' म्हणालो, कारण ते मला ओळखत नव्हते, त्यांच्यापुढे माझी लाज जाणार नव्हती. मॅडम मात्र माझ्या कामाचं चार लोकांत कौतुक करायच्या. त्यांना 'मी साधं पाणी घातलं' हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

गेल्या रविवारी पहाटे इथे पारा शून्याच्या खाली चार अंश गेला. मी खोलीबाहेर आलो तर नळाखालच्या बादलीवर काचेसारखी साय धरली होती. बोट लावलं, ते बुडलं नाही. तसाच मॅडमना फोन लावला, लागला नाही. त्या निघाल्या होत्या.

इंजिनातलं पाणी दगड झालेलं. ते फिरेना, म्हणून एकीकडे बर्फ आणि दुसरीकडे इंजिन लालबुंद. वीस किलोमीटरवर वाफ आली आणि गाडी थांबली. उघड्या माळावर, तसल्या वाऱ्यात, त्या दोन तास उभ्या होत्या. एका मेंढ्यांच्या ट्रकवाल्याने त्यांना आपल्या केबिनमध्ये बसवून इस्पितळात पोचवलं. तिथे ऑपरेशनला घेतलेलं पोर टेबलावर वाट बघत होतं. दुसऱ्या डॉक्टरांना घरून बोलावलं, म्हणून निभावलं. पोर बरं आहे. हे मी तीन वेळा विचारून घेतलं.

गाडी ओढून आमच्याकडे आणली. रेडिएटर उभा फाटलेला. इंजिनच्या बाजूला पाण्याच्या वाटेवर पत्र्याची गोल झाकणं असतात, त्यातलं एक बर्फाने बाहेर ढकललेलं. हेड गॅस्केट गेलेलं. फहाद वाईट माणूस नाही, पण रागावला की हातातली जपमाळ खिशात टाकतो, आणि ती खिशात गेली की आम्ही सगळे काय ते ओळखतो. त्या दिवशी त्याने ती टाकली आणि कामाचं कार्ड मागवलं. कार्ड अरबीत लिहावं लागतं. मला अरबी लिहिता येत नाही, म्हणून माझ्या गाड्यांची कार्डंही इद्रिसभाईच भरतात आणि खाली सही त्यांचीच असते.

फहादने सही बघितली आणि त्यांच्यावर ओरडायला लागला. सव्वीस वर्षं झाली, म्हातारा झालास, डोळे गेले तुझे, इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, मुदत संपली की घरी जा. इद्रिसभाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. फडक्याने बोटं पुसत राहिले. एकेक बोट, सावकाश.

मामा, मी ते बोटं पुसणं आधी बघितलं होतं.

मी म्हणालो, "फहाद, पाणी मी भरलं. कार्ड त्यांनी फक्त लिहिलं." आवाज इतका बारीक निघाला की त्याला ऐकू गेला नाही. पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण होतं.

संध्याकाळी मॅडम स्वतः आल्या. अंगात दोन स्वेटर, नाक लाल. मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाणी गोठेल म्हणाला असतास, तर मी त्याच दिवशी आले असते रे."

"मॅडम, मग मला हेही सांगावं लागलं असतं की ते मीच घातलं."

त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझी लाज झाकायला मी दोन तास रस्त्यावर कुडकुडले."



फहादने मला काढलं नाही. मे महिन्यातली रजा मात्र रद्द केली. ती गाडी पुरी होईपर्यंत माझे शुक्रवारही तिचेच. आजचाही तिचाच होता. आत्ताच हात धुऊन बसलो आहे.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

पाटणकरांची ट्रॅक्स आठवते? लग्नाचं वऱ्हाड घेऊन कोल्हापूरला निघालेली, आंबा घाटात बंद पडली, इंजिन जाम. ऑइलचा नट सुटून सगळं ऑइल रस्त्यावर सांडलेलं. वहीत त्या गाडीपुढे चाचांचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी पाटणकर चार माणसं घेऊन आले आणि तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "नट कोणी आवळला?"

नट चाचांनी आवळला नव्हता. शुक्रवार होता. त्यांनी ऑइल सोडलं, दीड वाजायला आला होता, नट बोटाने नुसता फिरवून ठेवला आणि मला म्हणाले, "मास्तर, जुम्म्याला जातो. एवढा पान्याने आवळ, ऑइल भर." मी हो म्हणालो. मग वहीत नोंद करायला बसलो. तारीख घातली, गाडीचा नंबर घातला, 'तल्हा' लिहिलं, आणि 'ऑइल बदलले' लिहून खाली रेघसुद्धा मारली. नोंद इतकी नीट झाली की काम झाल्यासारखंच वाटलं. मी उठलो, ऑइल भरलं आणि बॉनेट लावलं. खाली उतरलोच नाही.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी हवा भरायच्या मशीनपाशी उभा होतो. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, "गाडी माझ्या हाती होती, दत्ता." आणि तुम्ही म्हणालात, "तुमचं हे नेहमीचंच. नमाज आधी, काम मग." 'तुमचं' म्हणजे कोणाचं, ते त्यांना कळलं. बावीस वर्षांत तुम्ही असं कधी बोलला नव्हतात. त्यांच्या जुम्म्याच्या वेळेला त्यांच्या हातातली गाडी तुम्हीच पुढे करायचात, पाटाच्या कडेने जा, चिखल आहे, म्हणून सांगायचात. त्यांनी फडक्याने बोटं पुसली, आपले पाने रॉकेलमध्ये धुऊन पेटीत मांडले आणि ते गेले.

त्यानंतर मी तीन महिने तुमच्या समोर जेवलो. तुम्ही रोज म्हणायचात, आता तूच आहेस रे. त्या वाक्यापासून पळालो मी. तुम्हांला वाटतं मी गल्फच्या नादाने गेलो. मला इथलं काहीही नको होतं. मला फक्त अशा जागी जायचं होतं, जिथे रोज सकाळी ती पेटीची रिकामी जागा दिसणार नाही.

म्हणून चाचांना परत बोलवा म्हणत होतो. का म्हणत होतो ते सांगायला तिसरं पत्र लागलं.

आता तुम्ही रागवा. या वेळचा राग खऱ्या कारणासाठी असेल.

श्रीपाद


हाइल
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

तल्हाचाचा,

सलाम. तुम्हांला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे पत्र झेबाच्या हातात पडेल. झेबा, तू आता कॉलेजात असशील. मोठ्याने वाच. मधलं काही गाळू नकोस. तुझ्या बाबांबद्दल आहे, आणि त्यात दोषी मी आहे.

चाचा, पाटणकरांच्या ट्रॅक्सचा नट तुम्ही मला आवळायला सांगितला होतात आणि मी आवळला नाही. विसरलो. विसरणं एक वेळ चालेल, पण दुसऱ्या दिवशी मी गप्प बसलो. मामांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात शब्द होता, आणि तो मी गिळला. तुमचं काम गेलं, नाव गेलं. लोक म्हणाले तल्हाचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. तो हात कधीच चुकला नव्हता.

हे मी महिन्यापूर्वी मामांना लिहिलं. वाटलं, माझं झालं, आता ते तुम्हांला बोलावतील. चार दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. अडीच वर्षांनी पहिल्यांदा. मी इतका घाबरलो की हातातला पाना खाली ठेवायचा राहिला. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. म्हणाले, "कूलंट किती, पाणी किती?"

मी म्हणालो, "निम्मं निम्मं, मामा."

"हं. म्हणजे विहीर इथपर्यंतच," म्हणाले. मागे तुमचा तो ट्रान्झिस्टर लागलेला ऐकू येत होता. चाचा, बातम्या चालू होत्या. नाट्यगीतं नव्हती.

मग म्हणाले, "पत्र चुकीच्या माणसाला लिहिलंस."

"तुम्ही त्यांना सांगाल असं वाटलं."

"मी का सांगू? नट तुझा. तू सांग. तुझ्या वतीने मी गेलो तर पुन्हा दत्तानेच निभावून नेलं असं होईल."

"आणि तुम्ही, मामा?"

"माझं वेगळं आहे. नमाजाचं बोललो ते मी बोललो. नट त्याच्याच हातून सुटला असता, तरी ते बोलायचं नव्हतं. त्यात तुझं काही येत नाही." मामींनी फोन घेतला. म्हणाल्या, दोन वर्षं हे साखरप्यावरून जाताना गाडीची काच वर करतात, आणि घरी येऊन जेवत नाहीत. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, रागावले आहेत तुमच्यावर.

शेवटी फोन पुन्हा मामांकडे गेला. म्हणाले, "तुझा कागद त्याच्याकडे पोचला की मला कळव. मग मी जाईन. आधी जाणार नाही. आधी गेलो तर त्याला वाटेल, भाच्याने कबूल केलं म्हणून हा आला. त्याला आधी तुझं कळू दे, त्यावर तो काय म्हणायचं ते म्हणू दे. माझ्याबद्दल काय म्हणायचं, ते मला तोंडावर म्हणू दे."

म्हणजे चाचा, मामा तुमच्या फाट्यावर येतील. खांदा दुखतो त्यांचा, उजवा हात वर होत नाही, तेव्हा नमस्कार अर्धाच दिसेल. त्यांना बसायला खुर्ची द्या, असं मी म्हणणार नाही. गॅरेजवर परत जा, असंही म्हणणार नाही. दोन पत्रांत ते मी मामांना लिहीत होतो, जणू तुम्ही म्हणजे उसना नेलेला जॅक, परत आणून ठेवला की झालं. जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पंक्चर काढत राहिलात तरी मी आलो की तुमच्या शेजारी बसेन. रजा आता डिसेंबरात मिळेल, फहादने तसं कबूल केलं आहे. मॅडमची गाडी गेल्या शुक्रवारी चालू झाली. इद्रिसभाई कान लावून ऐकत उभे राहिले, तुमच्यासारखेच, डोळे मिटून, आणि म्हणाले, "चलेगा." मला त्यांच्या जागी तुम्ही दिसलात. मामांचा फोन आला त्या रात्री तुम्हांला लिहायला बसलो आणि ओळ सुचली नाही. आज सुचली तेवढी लिहिली.

मला माफ करा, असं लिहून बघितलं. खोडलं. ते मागायला मी समोर हवा. इथून मागितलं तर ते फार स्वस्तात मागितल्यासारखं होतं.

झेबा, इथपर्यंत वाचलंस ना? आता कागद बाजूला ठेव आणि बाबा काय म्हणतात ते ऐक. मग मला लिही. ते गप्प राहिले, तर गप्प राहिले असं लिही. आणि शिवी दिली, तर तीच लिही, सभ्य करून लिहू नकोस.

श्रीपाद